टेस्ट निगेटिव्ह आली तरी घरीच का बसवता? क्वारंटाइनच्या दिवसांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्थानिक आरोग्य मंडळावर नव्याने नेमणूक झालेल्या एका सदस्याने विचारलंय की कोविडमध्ये आम्हाला लोकांना नियम पटवताच आले नाहीत, आधी १४ दिवस म्हणालो मग १० मग ७ मग ५, लोक म्हणायला लागले तुम्ही आकडे मनाने काढता, त्यात रिपोर्ट निगेटिव्ह आलेल्याला घरी बसवलं आणि महिन्याभराने पॉझिटिव्ह आलेल्याला कामावर जा म्हणालो. आता पुढच्या साथीआधी नियमावली नव्याने लिहायची आहे तर कुठून सुरुवात करू?

मी अशा मंडळांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, आधी साथरोगांचं काम बघणारी अधिकारी म्हणून आणि नंतर सल्लागार म्हणून, आणि तुमच्या प्रश्नातल्या जवळजवळ सगळ्या चुका मी स्वतः करून बसलेय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिलं कबूल करून टाकते, आकडे मनाने काढता हा आरोप पूर्ण खोटा नाहीये. १४ दिवस हा काही विषाणूवर छापलेला आकडा नव्हे, तो माणसांनी बसून ठरवलाय. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो, २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या एका अभ्यासात कोविडसाठी हा काळ मध्यावर साधारण ५ दिवस निघाला आणि ज्यांना लक्षणं येतात त्यांच्यातल्या ९७.५ टक्के लोकांना ती साडेअकरा दिवसांच्या आत येतात असं दिसलं. त्याच अभ्यासाचा सावध अंदाज घेतला तर १४ दिवस पूर्ण थांबवूनही लागण झालेल्या १०० जणांमागे एखाद्याला लक्षणं त्यानंतर येणार. म्हणजे १४ दिवसांतही गळती होतीच. मग २१ का नाही केले? कारण प्रत्येक वाढवलेला दिवस पडतो कोणावर ते बघा, सुरुवातीच्या विषाणूच्या काळातले अभ्यास एकत्र करून हिशोब केला तेव्हा एकाच घरात राहणाऱ्यांमध्येसुद्धा साधारण सहातल्या एकालाच लागण झालेली दिसली. उरलेले पाच जण ठणठणीत, आणि आपण त्यांना चौदा-चौदा दिवस कोंडून ठेवत होतो. क्वारंटाइन म्हणजे बहुतांश निरोगी माणसांकडून मागितलेले दिवस, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय वेगळे दिसायला लागतात.

तर आकडा म्हणजे तडजोड असते, किती धोका शिल्लक ठेवायचा आणि किती दिवस मागायचे यांच्यातली. हे कागदावर सगळ्यात उघडपणे मला दिसलं ते अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, २ डिसेंबर २०२० ला काढलेल्या सूचनेत. १४ दिवस सगळ्यात सुरक्षित हे कायम ठेवून त्यांनी दोन पर्याय दिले, टेस्ट न करता १० दिवस, किंवा पाचव्या दिवशी वा नंतर केलेली टेस्ट निगेटिव्ह असेल तर ७ दिवस, आणि पुढे स्पष्ट लिहिलं की पहिल्यात उरलेला धोका, म्हणजे बाहेर पडल्यावर दुसऱ्याला लागण देण्याचा, साधारण १ टक्का पण वाईटात वाईट १० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्यात साधारण ५ टक्के आणि जास्तीत जास्त १२ च्या आसपास. कारणही दिलं की दिवस कमी केले तर पाळणारे वाढतील. आता हा कागद आमच्याकडे होता, आणि आम्ही लोकांना काय सांगितलं, तर ‘नवीन नियम: १० दिवस’. बास. शिल्लक धोक्याचा आकडा आम्हीच खिशात ठेवला, का तर लोक घाबरतील, गैरअर्थ काढतील. मग लोकांनी जो अर्थ काढला तो त्याहून वाईट होता, की हे काल खोटं बोलत होते किंवा आज बोलतायत.

५ दिवसांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे आणखी एक घोळ आहे. २७ डिसेंबर २०२१ ला सीडीसीने ५ दिवस केले तेव्हा ओमायक्रॉन हा कोविडचा नवा प्रकार पसरत होता, त्याचा लक्षणं येईपर्यंतचा काळ ३ दिवसांच्या आसपास, आणि आजारी माणूस जास्तीत जास्त पसरवतो ते सुरुवातीच्या काही दिवसांत, हे खरंच. पण एकाच वेळी इतकी माणसं आजारी की दवाखाने चालवायलाच माणूस उरेना हेही कारण होतं. पत्रकात भर विज्ञानावर आणि दुसरं कारण मुलाखतींमधून बाहेर, ताकाला जाऊन भांडं लपवण्याचाच प्रकार. शिवाय बाहेर पडायच्या आधी टेस्ट सक्तीची नव्हती त्यावर डॉक्टर मंडळींनीच टीका केली, आणि माझ्या मते ती टीका बरोबर होती.

आता शब्दांबद्दल, कारण निम्मी भांडणं शब्दांची होती. मराठीत अलगीकरण आणि विलगीकरण असे दोन शब्द सरकारी कागदात आले, पहिला संपर्कात आलेल्या निरोगी माणसासाठी म्हणजे क्वारंटाइन, दुसरा लागण झालेल्यासाठी म्हणजे आयसोलेशन. दोघांत एका अक्षराचा फरक! टाइप करणारे चुकायचे, वाचणारे चुकायचे, आणि लोक दोन्हीला सरसकट क्वारंटाइनच म्हणायचे. दोन्हींचे दिवस वेगळे, मोजायची सुरुवात वेगळी, बाहेर पडायची अट वेगळी. माझा सल्ला असा की हे दोन्ही शब्द पत्रातून काढूनच टाका आणि सरळ लिहा, ‘तुम्हाला लागण झालेली आहे म्हणून’ किंवा ‘तुम्ही लागण झालेल्या माणसाच्या संपर्कात आलात म्हणून’. पत्र दोन ओळींनी वाढतं, पण खुलासे विचारणारे फोन निम्मे होतात.

दिवस मोजणं हे तर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्या पहिल्या पत्रात नुसतं ‘१४ दिवस घरी थांबावे’ असं होतं, तारीख नाही. एकाने पत्र मिळाल्यापासून मोजले, एकाने टेस्ट दिल्यापासून, एकाने शेजाऱ्याचा रिपोर्ट आल्यापासून, आणि एका बाईंनी फोन करून विचारलं की रविवार धरायचा का. हसू नका, चूक आमची होती. शेवटचा संपर्क आला तो दिवस शून्य, दुसऱ्या दिवसापासून एक, असं मोजतात, पण लोकांना मोजायला लावूच नये, अमुक तारखेपर्यंत थांबा आणि अमुक तारखेला सकाळी बाहेर पडा एवढंच लिहावं, मोजायचं काम आपलं. खरं घोडं अडतं ते एकाच घरात. पेशंट वेगळ्या खोलीत राहू शकत नसेल तर बाकीच्यांचा शेवटचा संपर्क हा पेशंटचे दिवस संपतात त्या दिवशी धरायचे, म्हणजे पेशंटचे १० अधिक त्यांचे १४ असे २४ दिवस, आणि मध्ये घरातला दुसरा कोणी पॉझिटिव्ह आला की तिसऱ्याची घडी परत शून्यावर. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असतील तर हा हिशोब दीड महिन्यावर जाऊ शकतो आणि कागदावर तो अगदी बरोबर असतो. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर प्रत्येकाला वेगळी खोली आणि वेगळं बाथरूम असलेलं घर होतं हे मला तेव्हा कळलं. नवीन नियमावलीत एका घरासाठी जास्तीत जास्त दिवसांची मर्यादा घाला, उरणारा धोका मान्य करून घाला, आणि जागा नसलेल्या पेशंटला वेगळं राहायची सोय मंडळाने द्यायची हे त्याच परिच्छेदात लिहा. नाहीतर लोक दुसरा पेशंट लपवतात. लपवणारच, मीही कदाचित लपवला असता.

आता टेस्ट. दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आलेल्याला का सोडत नाही, तर पेरलेलं दुसऱ्या दिवशी उगवलं नाही म्हणून बी पडलंच नाही असं कोणी म्हणत नाही. २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा आरटी-पीसीआर सुद्धा संपर्कानंतर पहिल्या दिवशी लागण झालेल्यांपैकी जवळपास सगळ्यांना निगेटिव्ह दाखवते असं निघालं, चौथ्या दिवशी ६७ टक्के निसटतात, पाचव्या दिवशी म्हणजे साधारण लक्षणं सुरू होतात तेव्हा ३८ टक्के, आणि सगळ्यात चांगला दिवस आठवा, त्या दिवशीही २० टक्के निसटतातच. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ ‘लागण नाही’ असा नसून ‘त्या दिवशी, त्या काडीवर सापडली नाही’ एवढाच. रिपोर्टवर संपर्कानंतर कितव्या दिवशी स्वॅब घेतला हे छापलं तर वाद कमी होतील असं मी दर मीटिंगला म्हणायचे, लॅबवाले म्हणायचे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना नाही.

आणि उलटं टोक. महिन्याभराने पॉझिटिव्ह आलेला माणूस. आरटी-पीसीआर विषाणूचे तुकडे शोधते, तो जिवंत आहे का मेलाय हे तिला कळत नाही. सौम्य आजार असलेला माणूस साधारण १० दिवसांनंतर दुसऱ्याला लागण देत नाही, गंभीर आजारी किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना २० दिवसांपर्यंत किंवा जास्त धरावं लागतं, पण तुकडे मात्र कधी कधी तीन महिन्यांपर्यंत सापडत राहतात. सुरुवातीला सोडायची अट होती २४ तासांच्या अंतराने दोन निगेटिव्ह रिपोर्ट, आणि त्यापायी बरी झालेली माणसं पाच-पाच आठवडे अडकली, बेड अडवून बसली, आत्मविश्वास घालवून बसली. डब्ल्यूएचओने २७ मे २०२० ला ही अट सोडून दिवसांवर आणि लक्षणांवर सोडायला सांगितलं. तरी आमच्याकडे काही सदस्य दोन निगेटिव्हवर अडून होते, कागदावर निगेटिव्ह दिसलं की जबाबदारी संपते ना! मग कोणीतरी सीटी व्हॅल्यूचा, म्हणजे आरटी-पीसीआरला किती फेऱ्यांनंतर विषाणू सापडला त्या आकड्याचा, तोडगा काढला, पण तो आकडा किटप्रमाणे, लॅबप्रमाणे आणि काडी नाकात किती आत गेली त्याप्रमाणे बदलतो, त्यावर एकेका माणसाची सुटका ठरवू नका.

अँटिजेन टेस्टला लोक कमी दर्जाची म्हणतात, ती कमी पकडते हे खरं, विशेषतः लक्षणं नसलेल्यांमध्ये. पण विषाणू भरपूर असतो तेव्हा, म्हणजे माणूस पसरवत असतो तेव्हा, ती बऱ्यापैकी पकडते आणि अर्ध्या तासात सांगते. एका लाटेत आमच्याकडे आरटी-पीसीआरचे रिपोर्ट आठ-नऊ दिवसांनी येत होते. ७ दिवसांचा नियम आणि नवव्या दिवशी रिपोर्ट, म्हणजे त्या काडीने फक्त लॅबचं काम वाढवलं. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते, हा रिपोर्ट आल्यावर तुम्ही काय वेगळं करणार आहात? उत्तर ‘काही नाही’ असेल तर टेस्ट करू नका. पॉझिटिव्ह आला तरी घरी आणि निगेटिव्ह आला तरी तेवढेच दिवस घरी असेल तर ती काडी ज्याला लक्षणं आहेत त्याच्यासाठी ठेवा.

सगळ्यांचीच टेस्ट करा ही मागणी तुमच्याकडेही येईल, ऐकायला फार छान वाटते. जरा आकडेमोड करू. समजा १००० लोकांत ५ जणांना लागण आहे, टेस्ट लागण झालेल्या १०० पैकी ८० पकडते आणि निरोगी १००० पैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. तर ५ पैकी ४ सापडतील, एक सुटेल, आणि ९९५ निरोगींमधले साधारण ५ उगीच पॉझिटिव्ह येतील, म्हणजे ९ पॉझिटिव्हपैकी निम्म्याहून जास्त निरोगी. आता तीच टेस्ट पेशंटच्या घरातल्या १००० माणसांवर करा, सहातल्या एकाने धरलं तर साधारण १६७ जणांना लागण, त्यातले साधारण १३३ सापडतील आणि चुकून पॉझिटिव्ह फक्त ४. टेस्ट तीच, किट तेच, फक्त कोणाच्या नाकात घातली त्यावर रिपोर्टचा अर्थ बदलला. म्हणून सरसकट टेस्टिंगमध्ये पॉझिटिव्ह आलेल्याची दुसरी टेस्ट करायची तरतूद हवीच, आणि ती २४ तासांच्या आत.

किट कमी असतील आणि लागण कमी असेल तर नमुने एकत्र करून तपासायची युक्ती जुनी आहे, रॉबर्ट डॉर्फमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९४३ मध्ये सैन्यभरतीत सिफिलिस शोधण्यासाठी मांडलेली, एकत्र नमुना पॉझिटिव्ह आला तरच त्यातल्या प्रत्येकाची वेगळी टेस्ट करायची. पाच-पाच नमुने एकत्र केले आणि १०० पैकी २ जणांना लागण असेल तर १०० ऐवजी साधारण ३० टेस्टमध्ये काम होतं, पण लागण २० टक्क्यांवर गेली की ८७ लागतात आणि वरून वेळ जातो तो वेगळाच, तेव्हा बंद करायची. कधी बंद करायची तो आकडा आधीच लिहून ठेवा.

एक सापळा सांगते. डब्ल्यूएचओने मे २०२० मध्ये साथ आटोक्यात आहे का हे बघायला जी चिन्हं दिली त्यात दोन आठवडे पॉझिटिव्हिटी, म्हणजे केलेल्या टेस्टपैकी पॉझिटिव्ह येणाऱ्यांचं प्रमाण, ५ टक्क्यांच्या खाली हे एक होतं, अर्थात पुरेशा व्यापक तपासण्या होत असतील तर. मग काय, आकडा खाली आणायचा सोपा उपाय म्हणजे ज्यांना काहीच होत नाही अशांच्या भरपूर टेस्ट करायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, शाबासकी मिळताना पाहिलंय. मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप कामाचं राहत नाही, तेव्हा पॉझिटिव्हिटी लिहिताना कोणाच्या टेस्ट केल्या तेही शेजारी लिहा.

पण या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न आहे लोक पाळतात का, आणि मंडळाच्या मीटिंगमध्ये यावर सगळ्यात कमी वेळ जातो. ब्रिटनमध्ये साथीच्या पहिल्या वर्षात वारंवार मोठी सर्वेक्षणं झाली, त्यात लक्षणं आलेल्यांपैकी पूर्ण दिवस घरी थांबलो असं सांगणारे ४३ टक्क्यांच्या आसपास निघाले. न पाळणाऱ्यांत हातावर पोट असणारे, घरात लहान मुलं असणारे, पैशांची ओढाताण असणारे जास्त होते. बेफिकिरी होतीच, नाही असं नाही, पण मुख्य कारण ती नव्हती. इंग्लंडमध्ये २८ सप्टेंबर २०२० पासून कमी उत्पन्नवाल्यांना, ज्यांना घरून काम जमत नाही त्यांना, ५०० पौंड मदत सुरू झाली आणि त्याच दिवसापासून नियम मोडणाऱ्याला १००० पौंडांपासून दंड. दोन्ही एकदम आलं हे मला पटतं, पण साथ सुरू होऊन सहा महिने उलटल्यावर आलं हे नाही पटत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण शंभरहून अधिक वर्षं जुनं आहे. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन, स्वयंपाकीण, स्वतःला काहीच त्रास नाही पण टायफॉइडचे जंतू पसरवणारी. १९०७ मध्ये तिला पकडून बेटावर ठेवलं, १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर सोडलं. कपडे धुण्याचं काम मिळालं, त्यात पैसे स्वयंपाकापेक्षा बरेच कमी. १९१५ मध्ये ती एका प्रसूती रुग्णालयात नाव बदलून स्वयंपाक करताना सापडली, तोवर तिथे २५ जणांना लागण झाली होती आणि दोघे दगावले होते. मग १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्याच बेटावर राहिली. तिचा हट्टीपणा सगळे सांगतात, आणि ती हट्टी होतीच, आपण जंतू पसरवतो हे तिने शेवटपर्यंत मानलं नाही. पण मी प्रत्येक नवीन सदस्याला विचारते की १९१० ते १९१५ मध्ये तिच्या पगाराचा फरक भरून द्यायला किती खर्च आला असता, आणि २५ आजारी माणसांना आणि नंतरच्या २३ वर्षांच्या कोठडीला किती आला असेल.

मनावरच्या परिणामाचंही धरा. कॅनडातल्या टोरंटोमध्ये २००३ च्या सार्सच्या (कोविडसारख्याच श्वसनाच्या आजाराच्या) साथीत क्वारंटाइन झालेल्या १२९ जणांनी एका सर्वेक्षणाला उत्तरं दिली, त्यात साधारण २९ टक्क्यांमध्ये आघातानंतर दिसणारी लक्षणं आणि ३१ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं सापडली, आणि जास्त दिवस थांबलेल्यांमध्ये प्रमाण जास्त. स्वतःहून उत्तर देणारे लोक म्हणजे त्रास झालेलेच जास्त असू शकतात, तरीही. आमच्याकडे रोज फोन करून ‘ताप आहे का’ विचारायचं काम दिलेली एक मुलगी होती, ती शेवटी ‘आणखी काही लागतंय का’ असं विचारायची, आणि तिच्या यादीतले लोक घराबाहेर सापडायचे नाहीत. बाकीच्यांच्या यादीतले सापडायचे. हा काही अभ्यास नव्हे, मला दिसलं ते सांगते.

भाग सील करायचा अधिकार तुमच्या मंडळाला असेल तर सॅन फ्रान्सिस्कोची केस नक्की वाचा. १९०० मध्ये तिथल्या आरोग्य मंडळाने प्लेगच्या संशयावरून चायनाटाउन या चिनी वस्तीभोवती दोर बांधला, आणि दोर असा वळवला की त्याच भागातली गोऱ्यांची घरंदुकानं बाहेर राहतील. जून १९०० मध्ये फेडरल कोर्टाने तो क्वारंटाइन मोडून काढला. भेदभाव हे एक कारण होतंच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं, न्यायाधीशांनी म्हटलं की आजार आहे ती घरं वेगळी करायच्या ऐवजी दहा हजारांहून जास्त माणसं एकत्र कोंडली तर आजार आतल्या आत पसरायला मदतच होईल. १२० वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, क्वारंटाइन केलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजावर ३७११ माणसं होती आणि शेवटी ७०० हून जास्त पॉझिटिव्ह निघाले. सगळेच काही बंद केल्यानंतर लागले नाहीत, बरेच आधीच लागलेले होते, पण खलाशी आणि आचारी मात्र एकत्र राहत, एकत्र जेवत सगळ्यांना डबे पोचवत राहिले. दोर बांधायच्या आधी आतल्यांना कोण सेवा देणार आणि ते रात्री कुठे झोपणार हे लिहा.

तर सुरुवात कुठून, तर शेवटाकडून. आधी सुटकेचं पत्र लिहा, माणूस कोणत्या तारखेला, कशाच्या आधारावर बाहेर पडतो आणि तरीही किती धोका उरतो. मग त्या तारखेपर्यंत त्याला काय लागेल ते लिहा, पगार, औषधं, घरात वेगळी जागा नसेल तर जागा. मग टेस्ट कितव्या दिवशी आणि रिपोर्ट किती तासांत, नाही आला तर काय. दिवसांचा आकडा सगळ्यात शेवटी भरा, तिथे रिकामी जागा ठेवा आणि खाली ‘या तारखेपर्यंतच्या माहितीवरून, पुढचा आढावा अमुक तारखेला’ असं छापा, कारण पुढच्या साथीचा जंतू कोणता असेल ते आपल्याला आज माहीत नाही. दंडाचं कलम बहुधा तुमचे वकील पहिल्याच पानावर घालतील, ते मदतीच्या कलमानंतर न्या. आणि पत्राचा मसुदा छापायच्या आधी तीन-चार माणसांना, ज्यांचा या कामाशी काहीच संबंध नाही अशांना, वाचायला देऊन विचारा की तुम्ही कोणत्या दिवशी बाहेर पडाल. चौघांनी एकच तारीख सांगितली तरच छापायला द्या. आमच्या दुसऱ्या मसुद्यालाही तिघांनी तीन तारखा सांगितल्या होत्या, पाचव्याला कुठे जमलं.